पुढचे ओझे, मागचा तोल

रमजान ईदच्या सुट्टीत आमचे मेव्हणे शारजाहून आले तेव्हा त्यांच्या बॅगेत खजूर होते, अत्तराच्या चार बाटल्या होत्या, दादींसाठी जानमाज होता आणि धाकट्यासाठी एक पांढरा डबा होता. डोळ्यांवर बांधायचा डबा. व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट म्हणतात तो हाच, हे धाकट्याने खोके उघडण्याआधीच ओरडून सांगितले. मेव्हणे ज्या दुकानात काम करतात तिथल्या मालकाच्या मुलाने नवा घेतला, म्हणून जुना यांना थोडक्या पैशांत मिळाला. क्वेस्ट २ हे त्याचे नाव. दादी मात्र पहिल्या दिवसापासून त्याला डबा म्हणतात, आणि आता आम्ही सगळेच तसे म्हणतो.

आमचे घर कासारवाडीत, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. अलीकडे रूळ, पलीकडे मुंबई-पुणे रस्ता, त्यावर मेट्रो आणि पुढे नाशिक फाट्याचा दुमजली पूल. दोन खोल्या आणि सहा माणसे. हात पसरून गोल फिरायला जागा नाही. धाकट्याने पहिल्याच संध्याकाळी आभासी चेंडू मारताना खऱ्या ट्यूबलाइटला हात मारला. दुसऱ्या दिवसापासून खेळ खुर्चीत बसूनच खेळायचा, असा नियम झाला.

आठ दिवसांत कौतुक ओसरले. धाकटा वीस मिनिटांत कपाळ धरून बसायचा. डबा काढला की गालांवर आणि भुवयांच्या वर लाल वळ दिसायचे. दादींनी त्याच्या कपाळाला बाम चोळला. अब्बा हसून म्हणाले, "आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! दुखणे कपाळात नाही, त्या पट्ट्यात आहे." पण तेव्हा कुणी ते मनावर घेतले नाही. डबा कपाटावर गेला. एखाद्या गिऱ्हाईकाला विकून टाकू आणि त्या पैशांत घरात मिक्सर आणू, इथपर्यंत आमचे ठरले होते.

तो विकला गेला नाही याला कारण आमची थोरली. ती तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रकल्प म्हणजे वेल्डिंग करताना पाइपचे दोन तुकडे काटकोनात घट्ट धरून ठेवणारा एक जिग. संगणकावर तिने त्याचे चित्र काढले होते, मापे बरोबर होती, सरांनीही मान डोलावली होती. एका रविवारी तिने ग्रॅव्हिटी स्केच नावाचे मोफत ॲप डब्यात घेतले आणि तो जिग खऱ्या मापात स्वतःसमोर उभा केला. पाचच मिनिटांत ती म्हणाली, "अब्बू, इथे पाना फिरणारच नाही." खालच्या बोल्टभोवती हात घालायला जागाच उरली नव्हती. पडद्यावर बोटभर दिसणारी वस्तू समोर कमरेइतकी उभी राहिली, तेव्हा ते दिसले. लोखंड कापल्यावर हे कळले असते तर दोन हजारांचा पाइप आणि पंधरा दिवस गेले असते.

हा डबा फक्त खेळणे नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. तसे पाहिले तर कारखान्यांना ते आधीच कळलेले आहे. अमेरिकेतल्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीने २००९ मध्येच वेल्डिंग शिकवणारे असे आभासी यंत्र बाजारात आणले होते. फोक्सवॅगन समूहाने २०१८ मध्ये आपल्या दहा हजार कर्मचाऱ्यांना अशा हेडसेटवर शिकवण्याचे जाहीर केले, आणि त्या समूहाचा एक कारखाना आपल्याच चाकणला आहे. आमच्या घरात मात्र ते काम पंधरा मिनिटांच्या पुढे चालत नव्हते.

थोरलीची अडचण धाकट्यापेक्षा वेगळी होती. ती डोक्यावर ओढणी घेते. या डब्याबरोबर येणारा पट्टा कापडी आणि लवचीक असतो, आपल्या नाड्यांच्या इलॅस्टिकसारखा. तो केसांवर कसाबसा बसतो, ओढणीवर बसतच नाही. जॉर्जेटची ओढणी असेल तर मान खाली केली की पट्टा मागून वर सरकतो आणि डबा नाकावर येऊन आदळतो. घट्ट ओढला तर गाल चेपतात, सैल सोडला तर चित्र अंधुक होते. एका हाताने डबा धरून दुसऱ्या हाताने रेखाटन करायचे, असे तिचे चालले होते. घरात ओढणी काढून बसायला हरकत नव्हती, पण प्रकल्पाचे प्रदर्शन कॉलेजात होते, सगळ्यांसमोर. तिथे उभे राहून दाखवायचे तर पट्टा ओढणीवरच बसायला हवा होता. "नाहीतर मी दाखवणारच नाही," ती म्हणाली.

मग अब्बांनी डबा हातात घेतला. अब्बा इथल्याच एका कंपनीतून वेल्डर म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षे त्यांच्या डोक्यावर कधी सेफ्टी हेल्मेट, कधी वेल्डिंगचा मुखवटा होता. त्यांनी खुंटीवरचे आपले जुने पिवळे हेल्मेट काढले आणि उलटे करून थोरलीला आतली रचना दाखवली. आत प्लॅस्टिकची एक कडक पट्टी डोक्याभोवती फिरते, मागे एक चाक असते. चाक फिरवले की टकटक आवाज करत पट्टी आवळते. "हे चाक कुठे बसते बघ. डोक्याच्या मागे जे हाड फुगते ना, त्याच्या खाली, मानेच्या खळग्यात. तिथे धरले की वाकले तरी निसटत नाही. तुझ्या डब्याला असे काही मिळते का?"

मिळते. क्वेस्ट २ हा १३ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आला तेव्हा कंपनीने त्याच्यासोबतच, वेगळे पैसे घेऊन, असाच चाकाचा कडक पट्टा विकायला काढला होता. त्याचा एक प्रकार मागे बॅटरी असलेला होता. पहिल्या काही महिन्यांत त्या पट्ट्यांना तडे जायला लागले, म्हणून २०२० च्या अखेरीस विक्री थांबवून नंतर पुन्हा सुरू करावी लागली. पुढे इतर अनेक कंपन्यांनी आपापले पट्टे काढले. काहींत कपाळावर टेकणारी एक गादी असते आणि डबा त्या गादीपासून लटकतो, गालांना फक्त हलका स्पर्श होतो. सोनीने २०१६ च्या आपल्या हेडसेटमध्ये ही रचना वापरली होती.

पण मागे बॅटरी कशाला? आधीच जड असलेल्या वस्तूत आणखी भर का घालायची? हा प्रश्न घरात सगळ्यांनीच विचारला. धाकट्याने तर डबा उचलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवला. पाचशे ग्रॅमच्या किंचित वर. कंपनी ५०३ ग्रॅम सांगते, ते खरे निघाले. अर्धा किलो साखर जवळजवळ सगळीच्या सगळी तोंडापुढे बांधलेली.

उत्तर अब्बांच्या घराण्यातच होते. त्यांचे आजोबा भिश्ती. खडकीच्या छावणीत बैलावर पखाल लादून पाणी भरायचे. अब्बांनी लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेले: पखालीच्या दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर बैल दिवसभर चालतो. एका बाजूला गळती लागली तर पाणी कमी होते, ओझे हलके होते, तरी बैल तिरका चालायला लागतो आणि लवकर थकतो. कावड वाहणाऱ्यालाही हे ठाऊक असते. एका हातात एक बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन बादल्या नेणे सोपे जाते, हे तर आमच्या चाळीतल्या नळावरचे रोजचे ज्ञान.

मानेचेही तसेच आहे. डोके मणक्याच्या टोकावर साधारण कानांच्या रेषेत तोललेले असते. पुढे वजन बांधले की डोके पुढे झुकू पाहते आणि मानेच्या मागचे स्नायू ते सतत मागे ओढून धरतात. त्यात कापडी पट्टा घट्ट आवळला की तो डब्याला चेहऱ्यावर दाबतो. म्हणजे मान मागून दुखते आणि गाल पुढून. मागे थोडे वजन ठेवले की स्नायूंचे ते ओढून धरणे कमी होते आणि पट्टा आवळायची गरजही कमी होते.

थोरलीने फूटपट्टी घेतली. कानापासून डब्याच्या मध्यापर्यंत साधारण १४ सेंटिमीटर, कानापासून डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत १२. पाचशे गुणिले चौदा म्हणजे सात हजार. मागे पूर्ण तोल साधायचा तर जवळपास सहाशे ग्रॅम लागतील. अब्बांनी लगेच अडवले. सहाशे मागे, पाचशे पुढे, वर पट्टा, म्हणजे सव्वा-दीड किलो डोक्यावर. तोल साधेल, पण मणके दाबले जातील, आणि झटकन मान वळवली तर डोके थांबले तरी डबा थांबणार नाही. म्हणून मागे दोनशे-अडीचशे ग्रॅम पुरे. त्याने पुढची ओढ एक तृतीयांशाहून जास्त कमी होते, बाकीचे काम कपाळाची गादी आणि डोक्यावरून जाणारी पट्टी करते. ते वजन म्हणून दगड बांधण्यापेक्षा बॅटरी बांधली तर दुहेरी फायदा. डब्याची स्वतःची बॅटरी दोन ते तीन तासांत संपते. मागची बॅटरी ती भरत राहते.

ही अडचण डब्याइतकीच जुनी आहे. १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी असे पहिले यंत्र बनवले तेव्हा ते इतके जड होते की छताला टांगावे लागले. माणसाच्या डोक्यावर लटकणाऱ्या त्या यंत्राला 'डॅमोक्लिसची तलवार' असे नाव पडले. २०२३ मध्ये आलेल्या क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम, म्हणजे आमच्या डब्यापेक्षा उलट थोडे जास्तच. पण त्याची भिंगे पातळ असल्याने डबा चेहऱ्याच्या जास्त जवळ बसतो, आणि १४ चे अंतर कमी झाले की ओढही कमी होते. वजनाएवढेच महत्त्व अंतराला आहे, हे थोरलीने आपल्या वहीत दोनदा अधोरेखित केले.

इथपर्यंतचा हिशेब बरोबर होता. चूक आम्ही पुढे केली.

स्वस्त मिळाला म्हणून एका दुकानातून बॅटरीसकट अठराशेचा पट्टा आणला. खोक्यावर मोठा आकडा छापलेला, दहा हजार एमएएच. बॅटरीवर कंपनीचे नाव नाही, कसलीही खूण नाही. दोन दिवस छान चालला. थोरली पाऊण तास सलग काम करू लागली आणि आम्ही स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. तिसऱ्या दिवशी असरनंतर ती बसलेली, आणि दादी तिच्या मागून जाताना सहज तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या. हात तसाच मागे आला. ओढणी गरम होती, शेकायच्या पिशवीसारखी. थोरलीला काही कळलेच नव्हते, कारण ओढणीचे दोन पदर आणि आत सुती टोपी होती. गरमी तिच्या कातडीपर्यंत पोचायला वेळ लागत होता. पट्टा काढला तर बॅटरीचे प्लॅस्टिक एका बाजूने फुगलेले आणि गोडसर, रंगाच्या दुकानात येतो तसा वास. अब्बांनी वायर काढून टाकली, ती बॅटरी चिमट्याने उचलून अंगणातल्या फरशीवर ठेवली, जवळपासचे पुठ्ठे-कपडे हलवले आणि रात्रभर कुणाला तिकडे फिरकू दिले नाही. काही झाले नाही, अल्लाहचे शुक्र. पण त्या रात्री आम्ही दोघे नीट झोपलो नाही. ती वस्तू आम्हीच आमच्या लेकीच्या मेंदूमागे बांधली होती.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. त्याच्याशी भांडण्यात आठ दिवस घालवले नसते तर बरे झाले असते.

त्यानंतर जे शिकलो ते वाचकांना सांगायला हवे, कारण ते फक्त या डब्यापुरते नाही. लिथियमच्या बॅटऱ्या आज प्रत्येक घरात आहेत, मोबाइलपासून मच्छर मारायच्या रॅकेटपर्यंत. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला आणि पॉवर बँकेला ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी असेल तर वस्तूवर त्या संस्थेची खूण आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूचा, ते दिसते. बॅटरी फुगली, वास आला किंवा हाताला चटका बसण्याइतकी तापली की तिचे काम संपले असे समजायचे. ती टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. कचरागाडीत दाबली गेली तर तिथे पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची. आणि उशीखाली किंवा गादीवर चार्जिंग नको, हे आता आमच्या घरात मोबाइललाही लागू आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही पट्टा आणि बॅटरी वेगवेगळे घेतले. पट्टा बॅटरीशिवायचा, कपाळाला गादी आणि मागे चाक असलेला. मागे बांधायला नोंदणी क्रमांक असलेली, नावाजलेल्या कंपनीची दहा हजार एमएएचची पॉवर बँक. काट्यावर ती २१५ ग्रॅम भरली, म्हणजे हिशेबाला हवी तेवढीच. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या आत झाले. आता पॉवर बँक मागे अडकवायची कशी? बॅगा शिवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे अब्बा स्वतः गेले. त्याने रेक्झिनची पिशवी सुचवली. अब्बांनी नकार दिला. रेक्झिनमध्ये गरमी कोंडते. जाळीच्या कापडाची शिवून घेतली, शाळेच्या दप्तराला बाजूला बाटलीसाठी असते तशी, वर वेल्क्रोचे झाकण. आणि पिशवी व डोके यांच्यामध्ये बोटभर फट राहील असा फोमचा एक तुकडा. शिलाई सत्तर रुपये. तयार मिळणाऱ्या काही पट्ट्यांत चुंबकाने चिकटणारी, पटकन काढता येणारी बॅटरी असते. तीही सोय चांगली, फक्त वरची खूण आणि क्रमांक बघूनच घ्यावी.

वायर छोटी आणि टोकाला काटकोनात वळलेली घेतली. डब्याचे चार्जिंगचे भोक डाव्या बाजूला असते. लांब वायर असेल तर ती ओढणीत किंवा कानातल्यात अडकते.

आता बांधायची पद्धत. हीसुद्धा आम्हाला चार दिवसांनी जमली. चाक पूर्ण सैल करायचे. आधी मागची बाजू मानेच्या खळग्यात बसवायची, मग डबा पुढून खाली आणायचा, टोपी घालतो तसा मागून पुढे नव्हे. डोक्यावरून जाणारी पट्टी आधी ओढायची, कारण वजन तिने उचलायचे आहे. चाक सगळ्यात शेवटी, आणि तेही डबा हलायचा थांबेल इतकेच. आपण सगळे उलटे करतो. आधी चाक पिळतो आणि मग डोके दुखते म्हणून रडतो. थोरलीने ओढणीखाली सुती टोपी घातली आणि वर जॉर्जेटऐवजी सुती ओढणी घेतली, तेव्हापासून पट्टा सरकलेला नाही. पिना मात्र काढून ठेवायच्या. एक पिन भिंगाला लागून बारीक ओरखडा पडला आहे, तो आता कायमचा. बॅटरीजवळ तर पिन नकोच.

चित्र अंधुक दिसत असेल तर ते नेहमीच पट्ट्यामुळे नसते. क्वेस्ट २ मध्ये दोन भिंगांमधले अंतर हाताने बदलता येते, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन जागा आहेत. आमच्या घरात धाकटा पहिल्यावर, थोरली आणि आम्ही दुसऱ्यावर, अब्बा तिसऱ्यावर. चष्मा असणाऱ्यांसाठी खोक्यात एक जादा चौकट येते, ती बसवली की काच भिंगाला घासत नाही. आणि डबा कधीही उन्हात, खिडकीशी ठेवू नये. भिंगातून ऊन आत गेले की पडदा जळतो, लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो तसाच.

आखातातून जुना डबा येत असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. क्वेस्ट २ च्या चेहऱ्याला लागणाऱ्या फोममुळे काही लोकांच्या कातडीला खाज आणि पुरळ येत होते. जुलै २०२१ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख नग या कारणासाठी परत बोलावण्याच्या यादीत आले आणि कंपनीने त्यावर चढवायचे सिलिकॉनचे आवरण मोफत दिले. जुन्या नगाबरोबर ते आवरण आहे का, हे विचारून घ्यावे. आमच्याकडे नव्हते, आम्ही वेगळे घेतले. पाच जण एकच डबा वापरतात, तर पुसता येणारे आवरण असलेले बरेच.

वयाचेही सांगून टाकतो, कारण शेजारणी विचारतात. कंपनीचा नियम आधी तेरा वर्षांचा होता. २०२३ मध्ये तो दहापर्यंत खाली आणला, पण आईवडिलांच्या खात्याखाली. आमचा धाकटा अकरा वर्षांचा आहे. त्याला अर्धा तास, तोही अभ्यास झाल्यावर. पट्टा सुखाचा झाला याचा एक तोटा असा की आता डोके दुखत नाही म्हणून तो आपणहून उठत नाही. आधी डबाच त्याला उठवायचा. आता ते काम आम्हाला करावे लागते, आणि रोज कटकट होते.

दादींचे राहिले. त्यांचे गुडघे गेलेले. उमऱ्याचे पैसे दोनदा जमले आणि दोनदा दवाखान्यात गेले. थोरलीने एकदा हरम शरीफचा चारी बाजूंनी दिसणारा व्हिडिओ लावला आणि दादींना दाखवायचे ठरवले. जुन्या पट्ट्यावर हे शक्यच नव्हते, कारण मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून त्या चेहऱ्यावर काही दाबून घेत नाहीत. डॉक्टरांना विचारून, नव्या पट्ट्यावर, गालांना न टेकता, खुर्चीत बसवून दहा मिनिटे. डबा बांधण्याआधी दादी म्हणाल्या, "थांबा, वुजू करून येते." करायलाच हवी असे नव्हते, पण कुणी काही बोलले नाही. मग त्या खुर्चीत बसून हळूहळू मान वर नेत राहिल्या, डावीकडे, मागे, पुन्हा वर. मागचे वजन होते म्हणून मान वर जाऊ शकली. जुन्या पट्ट्यावर डबा वर बघितले की खाली घसरायचा.

डिसेंबर २०२१ मध्ये सौदी अरेबियात हजरे अस्वदचे असे आभासी दर्शन घडवणारा उपक्रम सुरू झाला तेव्हा जगभर चर्चा झाली. तुर्कस्तानच्या धर्मव्यवहार खात्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले की असे बघण्याला हरकत नाही, पण तो हज होत नाही. आमच्या घरात हा प्रश्न कुणी काढण्याआधीच दादींनी डबा उतरवून तो निकाली काढला. डोळे पुसून म्हणाल्या, "बघणे झाले. जाणे राहिले." आणि दुसऱ्या दिवशी उमऱ्याच्या पैशांचा डबा, तो खरा पत्र्याचा, पुन्हा फळीवरून खाली आला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या महागड्या हेडसेटला नवा पट्टा दिला. त्याच्या मागच्या भागात टंगस्टनचे तुकडे विणले आहेत, फक्त तोल साधण्यासाठी. आधी त्याची बॅटरीही वेगळी, वायरने जोडून खिशात ठेवायची अशी केलेली होती. ही बातमी थोरलीने वाचून दाखवली तेव्हा अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. टंगस्टन म्हणजे त्यांच्या ओळखीचा माल, वेल्डिंगच्या कामातला. "मागे वजन हवे तर बॅटरीच ठेवायची ना. टंगस्टन काय चार्जिंग करणार आहे?" त्यांचे म्हणणे आम्हाला पटले, पण त्यांची बॅटरी अधिक मोठी, ३५३ ग्रॅमची, ती डोक्यावर नको असे त्यांच्या इंजिनिअरांना वाटले असेल. अब्बांना ते मान्य नाही.

थोरलीचे प्रदर्शन झाले. सुती ओढणी, मागे जाळीची पिशवी, तीन तासांत डबा एकदाही बंद पडला नाही. बघायला आलेल्या मुलांपैकी निम्म्यांना जिगपेक्षा पिशवीच जास्त आवडली आणि ती कुठे शिवली ते विचारत होती. परीक्षकांनी खालच्या बोल्टबद्दल विचारले, तेव्हा तिने त्यांच्या डोक्यावर डबा बसवला, चाक स्वतः फिरवून दिले आणि त्यांच्या हातात आभासी पाना दिला. खरा जिग आता वर्कशॉपमध्ये आहे. बोल्ट चार सेंटिमीटर बाहेर घेतला आहे, आणि पाना फिरतो.